१९८० चं वॉरगेम हँडबुक आज वाचण्यात अर्थ आहे का?

नवखा_सरदार
फोर्टातल्या फुटपाथवर जेम्स डनिगनचं 'द कम्प्लीट वॉरगेम्स हँडबुक' मिळालं. वॉरगेम म्हणजे नकाशावर सोंगट्या मांडून खेळायचे युद्धखेळ. १९८० ची आवृत्ती. बांधणी खिळखिळी आहे, पण आतली पानं शाबूत. मी आजवर 'कतान' आणि 'मेमॉयर ४४' एवढंच खेळलोय. डोक्यात मात्र बाजीरावाच्या निजामाविरुद्धच्या पालखेडच्या मोहिमेवर स्वतःचा खेळ करायचं खूळ आहे. मित्र म्हणतो, सगळं यूट्यूबवर आहे, इतकं जुनं पुस्तक कशाला धरून बसतोस? जाणकारांनी सांगावं, वाचू की कपाटात ठेवू?

पत्तेबाज
कपाटात. १९९३ मध्ये मार्क हर्मनचा 'वी द पीपल' आला आणि पत्त्यांच्या जोरावर चालणाऱ्या युद्धखेळांचं नवं दालनच उघडलं. त्याचा त्या पुस्तकात मागमूस असणं शक्य नाही. दख्खनवरच काही करायचं असेल तर 'विजयनगर' खेळून बघा. दिल्लीची सल्तनत, बहामनी आणि विजयनगर, तिघांचे नियम वेगवेगळे. नकाशावरच्या घरांचे षट्कोन मोजत बसायचे दिवस गेले राव.

आरेखक
पत्तेबाज, 'विजयनगर' चांगलाच आहे, पण तो खेळून खेळ कसा रचायचा ते कळत नाही. नवखा_सरदार, पुस्तक वाचा. फक्त पहिल्या पानापासून सुरुवात करू नका.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे मी आधी नकाशा बघतो. पुस्तकातच एक छोटा खेळ छापलाय, 'ड्राइव्ह ऑन मेट्झ'. सप्टेंबर १९४४, अमेरिकन सेनापती पॅटनची तिसरी आर्मी मोझेल नदीच्या रोखाने निघालीय. नकाशाची आणि सोंगट्यांची झेरॉक्स काढा, सोंगट्या पुठ्ठ्यावर डकवा, आणि बायको, भाऊ, जो सापडेल त्याला समोर बसवा. दोनदा खेळा, एकदा अमेरिकन बाजूने आणि एकदा जर्मन. मगच प्रकरणं उघडा. नाहीतर 'झोन ऑफ कंट्रोल' (सोंगटीभोवतीची घरं, जिथे शत्रूची चाल अडते) वगैरे वाचून डोळे मिटायला लागतील.

त्या काळच्या बहुतेक खेळांचं मर्म लढाईच्या निकालाच्या तक्त्यात असतं. हल्लेखोराचं बळ भागिले बचावाचं बळ, आणि अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या पदरात. तुमच्या सोंगट्यांची बेरीज ११ आणि समोर ४ असेल, तर तक्त्यात तो हल्ला दोनास एक. कुठूनतरी एक बळाची फुटकळ तुकडी ओढून आणली की १२, म्हणजे तीनास एक! त्या एका आकड्यासाठी माणूस अख्खी फळी विस्कटतो. मग फासा टाकायचा. (वाण्याच्या दुकानात सुट्ट्या पैशांवरून घासाघीस चालते तसं दिसतं हे बघणाऱ्याला. आमच्या घरी अजून हसतात.) खऱ्या सेनापतीला कुठे माहीत असायचं की समोर नेमके चारच आहेत? जुन्या पद्धतीत ही खोट आहे, हे खरं.

पण डनिगनने शंभराहून जास्त खेळ रचले, आणि १९६९ मध्ये एसपीआय ही युद्धखेळांची कंपनी काढून मासिकाच्या अंकातून खेळ घरोघर पोचवले. तारीख ठरलेली, अंक निघायलाच हवा, अशा घाईत काम करणाऱ्याला काय गाळायचं हे बरोबर कळतं. रचनेचं प्रकरण त्यासाठी वाचा. नवी खेळपद्धत शोधत बसू नका, जे चालतं ते उचला; नियम कमी ठेवा; अभ्यास आधी, सोंगट्या नंतर. १९७९ मध्ये त्याच एसपीआयने 'कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका' काढला, त्यात इटालियन सैन्याला पास्ता शिजवायला जादा पाणी लागतं असा नियम आहे. मौज म्हणून ठीक, पण तो खेळ पुरा केलेला माणूस मला भेटायचाय.

गेम कुठे मिळतील, संगणकाचं भवितव्य काय, ही पानं खुशाल उलटा.

नवखा_सरदार
आभार! पण पालखेडला मोठी लढाई झालीच नाही ना? मग तो तक्ता घेऊन मी करू काय?

रविवारी_फासे
मध्येच एक माहिती: १९९२ ची सुधारित आवृत्तीही आहे, त्यात संगणकावरच्या खेळांना बरीच जागा दिलीय. तुमचा हेतू रचनेचा असेल तर १९८० ची चालेल. आणि हा छंद फक्त रिकामटेकड्यांचा नाही बरं का. ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये शिरला तेव्हा पेंटागॉनने बाजारात मिळणारा 'गल्फ स्ट्राइक' मांडून बघितला होता. तोही हर्मनचाच, १९८३ चा.

आरेखक
तक्ता पार बारीक करा, तीन रकाने पुरे. तुमचा खेळ चालींचा आहे. बाजीराव जालन्याकडून घुसतो, बऱ्हाणपुरावर जाणार अशी हूल देतो आणि गुजरातेत उतरतो. निजाम पुण्यात येऊन बसतो. बाजीराव औरंगाबादेकडे वळला म्हणताच त्याला पुणं सोडून धावावं लागतं, आणि धावायचं तर जड तोफा मागे ठेवाव्या लागतात. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ पाणी आणि दाणागोटा तोडला जातो, आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह.

तेव्हा निजामाच्या तोफांची वेगळी सोंगटी करा. ती सोबत असेल तर हल्ल्यात बळ दुप्पट, पण फौजेची चाल तोफांच्या चालीइतकीच. सोडायच्या की ओढायच्या, हे दर पाळीला निजामाने ठरवायचं. मराठ्यांच्या सोंगट्या उलट्या मांडा, त्यात दोन-तीन कोऱ्या, म्हणजे हूल देता येईल. पुण्याला गुण भरपूर द्या, नाहीतर निजाम तिथे येईलच कशाला? पाणी फक्त नदीलगतच्या षट्कोनात. उन्हाळा तोंडावर आहे, बाकीच्या ओढ्यांवर विसंबू देऊ नका.

नकाशा हाताने काढणार असाल तर गोदावरी आधी काढा, षट्कोन मागाहून. आणि पहिली चाचणी निजामाच्या बाजूने तुमच्या त्या यूट्यूबवाल्या मित्राला खेळायला लावा.

पत्तेबाज
कोऱ्या सोंगट्या आवडल्या. निजाम मी खेळतो, तारीख कळवा.