दुपारी टोमॅटो मान टाकतो, माती ओली असते, पाणी घालू का?

कुंडीवाला:
मंडळी हसू नका. कुंडीतला टोमॅटो दुपारी दोनच्या सुमाराला पार मान टाकतो, पानं लोंबतात, मी घाबरून पाणी घालतो पण बोट घालून बघितलं तर माती ओलीच! संध्याकाळी परत ताठ. शाळेत वाचलेलं की मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९७-९९ टक्के पानांतून उडून जातं, मग झाड एवढं ओढतंच कशाला? पानांना थोडं तेल चोळलं तर वाचेल का?

हिरवी_मिरची:
तेल नको रे बाबा, छिद्रं बुजतील आणि झाड उपाशी मरेल 😀

पानगळ:
वर म्हटलंय ते खरंय. पानाला, जास्त करून खालच्या बाजूला, बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. ती उघडतात कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला, पण पान आतून ओलं असतं त्यामुळे दार उघडलं की पाहुणा आत येतो आणि वाफ बाहेर पळते. हिशोब फार महाग आहे, कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवायला पाण्याचे काहीशे रेणू जातात. पण उलट बाजूही बघा, झाडात पंप कुठाय? पान वरून वाफ सोडतं तेव्हा पाण्याचे रेणू एकमेकांना धरून खालचं पाणी दोरीसारखं वर ओढलं जातं, हे डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडलं, शंभर मीटरच्या वरच्या झाडांतही असंच चढतं. तुमच्या टोमॅटोचं दुपारी खर्च जास्त आणि आवक कमी असं होतंय, मुळं तेवढ्या वेगानं देऊ शकत नाहीत. मग छिद्रं मिटतात, खर्च थांबतो (अन्न बनवणंही मंदावतं, ते वेगळंच). संध्याकाळी ताठ होतंय ना, सोडून द्या. सकाळी पण लोंबलेलं दिसलं तर मात्र काळजी.

मातीत_हात:
मला एक खटकतं, पाणी "उडून जातं" म्हटलं की लोकांना वाटतं फुकट गेलं. पान त्यानं गार राहतं, शिवाय कॅल्शियम याच प्रवाहाबरोबर वर जातं. फळातून वाफ फारशी जात नाही म्हणून पाणी कधी जास्त कधी कमी झालं की कॅल्शियमची टंचाई पहिली फळाला, टोमॅटोचा बूड काळा पडतो. आणि कुंडीवाले, ओल्या मातीत रोज दुपारी पाणी घालणं बंद करा आधी, मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, कुजली की पाणी ओढत नाहीत आणि पानं परत लोंबतात. दिसायला अगदी तसंच, म्हणून माणूस अजून पाणी ओततो.

कुंडीवाला:
अहो दोन टोमॅटो खालून काळे झालेत!! मी रोग समजून औषध मारत होतो 🤦

मातीत_हात:
औषधानं ते बरं होणार नाही. काळी झालेली काढून टाका, आजपासून बोट घालून बघा, वरचा थर सुकला असेल तरच सकाळी नीट पाणी द्या. दुपारी फार ऊन लागत असेल तर थोडी सावली.

हिरवी_मिरची:
आणि मजा बघायची असेल तर एका फांदीला पारदर्शक पिशवी बांधून तासभर उन्हात ठेवा, आतून थेंब जमतात. नंतर आठवणीनं काढा मात्र, मी एकदा विसरले आणि ती फांदी उकडूनच गेली.