टिफ फायलींचे एकगठ्ठा जेपेगमध्ये रूपांतर: एकच फाइल उरते आणि रंग फिके पडतात

प्रश्न
स्कॅन केलेल्या जुन्या छायाचित्रांच्या काहीशे टिफ फायली माझ्याकडे आहेत. त्या १६ बिटांच्या (म्हणजे प्रत्येक रंगाच्या छटा अधिक बारकाईने नोंदणाऱ्या) असून अ‍ॅडोबी आरजीबी प्रोफाइलमध्ये (फायलीतल्या आकड्यांचे नेमके रंग सांगणाऱ्या नोंदीत) आहेत. संकेतस्थळासाठी त्यांच्या जेपेग प्रती हव्या असल्याने मी फोटोशॉपमध्ये एका फायलीवर अ‍ॅक्शन रेकॉर्ड केली, म्हणजे कामाच्या पायऱ्या नोंदवून ठेवल्या, आणि ती 'बॅच' या एकगठ्ठा कामाच्या सोयीतून संपूर्ण फोल्डरवर चालवली. सर्व फायली उघडल्या नि बंद झाल्या, पण शेवटी एकच जेपेग हाती आली आणि ब्राउझरमध्ये तिचे रंगही फिके दिसले. असे का व्हावे?

उत्तर १
अ‍ॅक्शन रेकॉर्ड करताना 'सेव्ह अ‍ॅज'च्या चौकटीत आपण फायलीचे नाव टाइप केले असावे. तसे केल्यास ते नावही अ‍ॅक्शनमध्ये नोंदले जाते आणि प्रत्येक नवी फाइल आधीच्या फायलीवर लिहिली जाते. नावाला हात न लावता पुन्हा रेकॉर्ड करावे, किंवा 'बॅच'मध्ये 'ओव्हरराइड अ‍ॅक्शन सेव्ह अ‍ॅज कमांड्स' या पर्यायावर खूण करून फोल्डर व नावाची रचना तिथेच ठरवावी. मात्र ही खूण केल्यावर अ‍ॅक्शनमध्ये 'सेव्ह अ‍ॅज'ची पायरी असावीच लागते. ती नसेल तर काहीच साठवले जात नाही, आणि या पर्यायाच्या नावावरून ते कोणाच्याही लक्षात येणार नाही.

उत्तर २
केवळ रूपांतरच करायचे असेल, तर अ‍ॅक्शनचा खटाटोप कशाला? 'फाइल – स्क्रिप्ट्स – इमेज प्रोसेसर' येथे स्रोताचे फोल्डर निवडावे, 'सेव्ह अ‍ॅज जेपेग'वर खूण करावी आणि शेजारचा 'कन्व्हर्ट प्रोफाइल टू एसआरजीबी' हा पर्याय आठवणीने चालू करावा; एसआरजीबी म्हणजे संकेतस्थळांवर नेहमी वापरले जाणारे रंगप्रोफाइल. जेपेगमध्ये प्रोफाइल जोडलेले नसले की ब्राउझर त्यातले आकडे एसआरजीबीचे समजून वाचतो. अ‍ॅडोबी आरजीबीची व्याप्ती अधिक असल्यामुळे तेच आकडे एसआरजीबीच्या मोजमापाने वाचले की रंगांचा तजेला जातो. म्हणून 'इन्क्लूड आयसीसी प्रोफाइल' हा फायलीला रंगप्रोफाइल जोडणारा पर्यायही चालूच ठेवावा. तयार प्रती 'जेपेग' नावाच्या उपफोल्डरमध्ये जातात, त्यामुळे मूळ टिफ फायलींना धक्का लागत नाही.

प्रश्नकर्ता
इमेज प्रोसेसरने दोन्ही अडचणी सुटल्या, आभारी आहे. गुणवत्ता किती ठेवावी? आणि प्रती तयार झाल्यावर टिफ फायली काढून टाकल्या तर चालेल का?

उत्तर २
तिथली मोजपट्टी ० ते १२ अशी आहे. संकेतस्थळासाठी ८ ते १० पुरेसे होते. इतर प्रोग्रॅममध्ये ती बहुधा १०० पर्यंत असते आणि दोन्हींचा एकमेकांशी सरळ हिशेब नसतो, म्हणून एका गडद छायेच्या आणि एका मोकळ्या आकाशाच्या चित्रावर आधी चाचणी घ्यावी. टिफ फायली मुळीच काढू नयेत. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवा, निळा) ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या मिळतात. पुढे छाया उजळायची झाल्यास आकाशात पट्टे उमटतात, आणि तीच जेपेग पुन्हा टिफमध्ये बदलली तरी गेलेला तपशील परत येत नाही.

उत्तर ३
फोटोशॉप हाताशी नसल्यास इरफानव्ह्यू किंवा एक्सएनकन्व्हर्टनेही हे काम होते. इमेजमॅजिक या आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅमची 'मॉग्रिफाय' ही आज्ञा मात्र जपून वापरावी, कारण वेगळा फॉरमॅट किंवा वेगळे फोल्डर न सांगितल्यास ती मूळ फायलीवरच लिहिते.