मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये कॅथलिक शाळेच्या बसचा खर्च कौन्सिलने नाकारला

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे वसईचे कॅथलिक, आता इंग्लंडमध्ये, लंडनबाहेर राहतो. मुलगी ११ वर्षांची, सप्टेंबरपासून सातवीला. आमची कॅथलिक शाळा घरापासून ९ मैलांवर. ह्यांची नोकरी गेल्यापासून तिला शाळेत मोफत जेवण मिळतं, पण बसपाससाठी केलेला अर्ज कौन्सिलने फेटाळला. पत्रात एकच ओळ: ‘जवळ दुसरी योग्य शाळा उपलब्ध आहे.’

माझ्या वाचनात आलं ते असं: एरवी मोफत प्रवासासाठी ८ वर्षांखालील मुलांना २ मैलांहून आणि त्यापुढच्यांना ३ मैलांहून जास्त अंतराची अट असते, तीही सर्वांत जवळच्या योग्य शाळेसाठी. पण कमी उत्पन्नाच्या घरातल्या ११ ते १६ वयाच्या मुलांना, धर्मश्रद्धेमुळे निवडलेली तशी सर्वांत जवळची शाळा २ ते १५ मैलांत असेल, तर मोफत प्रवासाचा हक्क आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्यातच आहे हे. मग आम्ही कुठे कमी पडलो?

अर्जाला बाप्तिस्म्याचा दाखला जोडला नव्हता, कारण फॉर्मवर श्रद्धेविषयी रकानाच नव्हता. अपिलासाठी २० कामकाजी दिवस आहेत, त्यातले ६ गेले.

कुणी असं अपील केलंय का? फादरचं पत्र आणि मोफत जेवणाचं पत्र पुरतं का? अपिलाच्या दुसऱ्या टप्प्यात समितीपुढे स्वतः बोलावं की लेखी द्यावं? रोज दोन बसचं भाडं आम्हाला झेपणारं नाही, आणि लेकीने गणवेश इस्त्री करून दाराला टांगून ठेवलाय.