वडील शेतकरी आहेत, उन्हाळ्यात डेन्मार्कला चाललेत, तिथं फिरायला आणि बोलायला काय असतं?

मांजराकाठ
रामराम मंडळी. आमची ताई डेन्मार्कला असते, वायले म्हणून शहर आहे त्याच्याजवळ. औंदा आई आणि अण्णा तिच्याकडं जायलेत, मे ते जुलै. आईचं काही नाही, ती नातीत रमंल. काळजी अण्णांची आहे. सगळी हयात औसा तालुक्यात शेती केली, सत्तरी ओलांडली तरी पहाटं उठून शिवारात चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. आणि दुसरं म्हणजे पेपर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि मग पारावर बसून त्याच्यावर बोलायचं. आता तिथं पार नाही, भाषा येत नाही, ताई-दाजी दोघंबी नोकरीला, मग माणूस दिवसभर खिडकीत बसून काढणार का?
तर विचारायचं हे की तिकडं दुसऱ्याच्या रानातून चालता येतं का, का कुणी हटकतं? आणि तिथल्या बातम्यांत सध्या काय चालू असतं? त्यांना टीव्हीवरचं ग्रीनलंड सोडून काही माहिती नाही. जाण्याआधी चार गोष्टी सांगून ठेवाव्या म्हणतो. तिकडं राहणाऱ्यांनी जरा सविस्तर लिहा.

गोदातीर
मी नांदेडचा, ऑर्हुसला राहायलाव. वायले म्हणजे अण्णांचं नशीब चांगलं आहे राव. डेन्मार्क म्हणजे सपाट, अख्ख्या देशातला सगळ्यात उंच ठिपका १७१ मीटर, पण वायलेच्या आजूबाजूला चढ-उतार आहेत, झाडी आहे, दऱ्या आहेत.
रानाचं सांगतो. उभ्या पिकातून चालायचं नाही, ते आपल्याकडंबी नाही चालत. पण शेतातून जाणारा रस्ता, पायवाट खाजगी असली तरी पायी जाता येतं, मालकानं मनाईची पाटी लावली असंल तरच नाही, आणि हे कायद्यातच लिहिलेलं आहे, कुणाची मेहरबानी नाही. खाजगी जंगलात दिवसाउजेडी वाटेवरनं चालायचं, सरकारी जंगलात रात्रीबी चालतं आणि वाट सोडून आत गेलं तरी चालतं. समुद्रकिनारा सगळ्यांना मोकळा. वर पुन्हा कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून स्वतःहून पायवाटा खुल्या केल्यात, 'स्पोर इ लँडस्केबेट' नावाची योजनाच आहे, सुरुवातीला नकाशा लावलेला असतो आणि वाटेवर खुणांचे खांब, चुकायचं काम नाही.
वायलेतून बिंडेबॅलेला जाणारी एक वाट आहे, जुना रेल्वेमार्ग बंद पडला त्याच्यावर केलेली, म्हणजे चढ जवळजवळ नाहीच, गुडघे दुखणाऱ्याला एकदम बेस्ट. येलिंगबी जवळच, तिथं हाराल्ड ब्लूटूथ राजानं दहाव्या शतकात कोरून घेतलेला दगड आहे, आपल्या मोबाइलमधलं ब्लूटूथ त्याच्याच नावावरनं. अण्णांना दगड दाखवून मोबाइल दाखवा, मजा येईल त्यांना.
जूनमध्ये पहाटं साडेचारलाच उजेड असतो आणि रात्री दहापर्यंत दिवस राहतो. झोपेचं तेवढं बघा, खिडकीला जाड पडदा लावायला सांगा ताईला. आणि गवतातून फिरून आलं की पाय, काखा, गुडघ्यामागं नीट बघायचं, फ्लोट म्हणून बारीक गोचीड असते, तिच्यानं लाइम नावाचा आजार होतो. चिमट्यानं लगेच काढून टाकायची, आणि नंतर त्या जागी लाल गोल चट्टा पसरायला लागला तर डॉक्टर.

चाफा_ओडेन्से
मांजराकाठ दादा, लोक बोलतात का म्हणून काळजी करताय ना, तर खरं सांगायचं तर आपल्यासारखं बसमध्ये शेजारी बसलं की कोणतं गाव, किती एकर, असं काही नाही इथं. बसमध्ये सगळे गप्प. पण वाटेवर, रानात चालताना समोरून येणारा माणूस 'हाय' म्हणतोच, आणि कुत्रं सोबत असलं तर थांबतोच. माझे सासरे आले होते तेव्हा त्यांची ओळख झाली ती शेजारच्या म्हाताऱ्या बाईशी, तिच्या परसातल्या बटाट्यांवरून. ह्यांना डॅनिश येईना, तिला मराठी येईना, आणि दोघं वाफ्याजवळ उकिडवे बसून माती हातात घेऊन अर्धा तास काय बोलले त्यांचं त्यांनाच माहीत. मी खिडकीतून बघत होते, सासरे बोटं आडवी धरून किती खोल लावायचं ते दाखवत होते आणि ती मान हलवून दुसरीच खोली दाखवत होती. दुसऱ्या दिवशी तिनं कागदी पिशवीत नवे बटाटे आणून दिले. म्हणून सांगते, अण्णांना परसबागेच्या कुंपणाशी उभं राहू द्या, पार तिथंच भरंल.
अजून एक, गावाकडच्या रस्त्याला शेतकऱ्यांचे लाकडी कपाटासारखे छोटे ठेले असतात, आत नवे बटाटे, वाटाणे, स्ट्रॉबेरी, अंडी, पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला आणि माणूस कुणीच नाही. माल घ्यायचा, पैसे डब्यात टाकायचे. बहुतेक लोक आता मोबाइलपे नावाच्या इथल्या ॲपनं देतात पण पाहुण्याकडं ते नसतं, म्हणून अण्णांच्या खिशात दहा-वीस क्रोनरची नाणी असू द्या. हे बघून त्यांना लई बरं वाटंल, शेतकऱ्याचा माल, शेतकऱ्याचा भाव, मधी अडत्या नाही.
येताना तूप, खवा, पेढे आणू नका, बाहेरच्या देशातून दुधाचं-मांसाचं काही आणू देत नाहीत. आंबेबी नाही (मलाबी लई वाईट वाटतं). ज्वारीचं पीठ चालतं, भरपूर आणा.

काळीमाती
मी मूळची परभणीची, इथं व्हिबोर्गकडं शेतीच्याच क्षेत्रात काम करते. बातम्यांचं मी सांगते, कारण अण्णांना ज्यात रस वाटंल ती बातमी त्यांना फिरतानाच दिसणार आहे.
वायलेची खाडी बघायला नक्की न्या. वरून एकदम देखणी, निळी. पण तळाशी बऱ्याच ठिकाणी जीव उरला नाही. शेतातलं नायट्रोजन, म्हणजे खत आणि जनावरांचं मलमूत्र, पावसानं वाहून पाण्यात जातं, शेवाळ माजतं, ते मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि मासे मरतात नाहीतर निघून जातात. एप्रिल २०२४ मध्ये लोकांनी या खाडीची चक्क अंत्ययात्रा काढली होती, काळे कपडे घालून. आता तिथं समुद्री गवत हातानं लावायलेत, शिंपले सोडायलेत, पण वरून येणारं खत थांबल्याशिवाय ते पुरंल असं मला वाटत नाही.
हे इतकं का झालं तर या देशाची जवळजवळ ६० टक्के जमीन नांगराखाली आहे आणि माणसं साठ लाख तर डुकरं त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणून २०२४ मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गवाले एका टेबलावर बसले आणि करार झाला. अडीच लाख हेक्टरवर नवीन जंगल लावायचं, आणि २०३० पासून गायी-डुकरांच्या वायूवर कर. जनावरांच्या उत्सर्जनावर असा कर ठरवणारा जगातला हा पहिला देश. वायूच्या टनाला ३०० क्रोनर, २०३५ ला ७५०, पण ६० टक्के सूट असल्यानं प्रत्यक्षात १२० आणि ३०० पडतील. २०२५ पासून पन्नासच्या वर गायी असलेल्या नेहमीच्या गोठ्यांना मिथेन कमी करणारं खाद्य नाहीतर जादा चरबी देणं सक्तीचं झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी बऱ्याच शेतकऱ्यांनी त्या खाद्यानं गायी आजारी पडायल्यात अशी तक्रार केली, मोठा वाद झाला.
पिण्याचं पाणीबी याच्यातच येतं. इथं नळाला येतं ते जमिनीखालचं पाणी, क्लोरीन न टाकता. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यानं बघितलंय त्याला हे सांगायची गरज नाही की किती मोठी गोष्ट आहे ही. आणि त्याच पाण्यात आता फवारणीच्या औषधाचे अंश सापडायलेत, त्यामुळं बोअरच्या आसपास फवारणी बंद करा यावर भांडण चालू आहे. अण्णांनी स्वतः फवारलेलं असणार, त्यांना दोन्ही बाजू कळतील.

धारूरकर
मी इथलाच, बीड जिल्ह्यात गोठा आहे. ताई, तुमचं वाचलं पण मला हे पटत नाही. आधी शेतकऱ्याला सांगायचं गायी वाढव, दूध वाढव, कर्ज काढून गोठा बांध, आणि मग म्हणायचं गाय ढेकर देते त्याचा कर भर. ज्या देशानं दुधावर घर बांधलं त्यानं असं करावं? १८८२ ला पहिली सहकारी डेअरी त्यांनी काढली, एक माणूस एक मत, आपल्याकडं सहकार शिकवताना डेन्मार्कचंच उदाहरण द्यायचे जुने लोक.

काळीमाती
धारूरकर दादा, राग बरोबर आहे, इथलेबी पुष्कळ शेतकरी हेच बोलतात. फक्त त्या १८८२ चंच पुढं बघा. तेव्हा अमेरिका आणि रशियाचा स्वस्त गहू युरोपात आला, यांच्या धान्याचा भाव पडला, माणसं बुडाली असती. त्यांनी धान्य विकायचं सोडून जनावरांना घातलं. पश्चिम जटलंडमध्ये येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी मिळून डेअरी टाकली, साय काढायचं नवीन यंत्र आलं होतं, लोणी इंग्लंडला जायचं आणि उरलेलं सायीविना दूध शेतकऱ्याला परत, ते डुकरांना. एक थेंब वाया नाही. ज्याच्या दोन गायी त्याला एक मत, ज्याच्या चाळीस त्यालाबी एकच. त्याच्याआधी १८४४ पासून ग्रुंटविग नावाच्या धर्मगुरू-विचारवंतांच्या विचारावर शेतकऱ्यांच्या पोरांसाठी लोकशाळा निघाल्या होत्या, परीक्षा नाही, पदवी नाही, त्यातून ही माणसं तयार झाली. म्हणजे संकट आलं की शेतीच बदलायची, हे त्यांनी एकदा केलेलं आहे. आताबी कराचे पैसे शेतीच्याच बदलासाठी परत द्यायचं ठरलंय. बारक्या गोठ्यांचं काय होणार ही भीती मात्र मलाबी आहे, दरवर्षी गोठे कमी व्हायलेत आणि उरलेले मोठे व्हायलेत, आणि त्याच्यावर करारात फारसं काही नाही.

गोदातीर
बाकीच्या बातम्या पटकन सांगतो, अण्णांना उपयोगी पडतील. राणी मार्गरेठं यांनी १४ जानेवारी २०२४ ला स्वतःहून गादी सोडली, आता राजा फ्रेडरिक दहावा. ग्रीनलंड डेन्मार्कच्याच राज्यात येतं, पण त्याला १९७९ पासून स्वतःचा कारभार आणि २००९ पासून जादा अधिकार आहेत, सार्वमत घेऊन स्वतंत्र व्हायचा हक्कबी कायद्यात आहे, त्यामुळं अमेरिकेनं 'आम्हाला द्या' म्हटल्यावर इथले लोक पहिलं हेच म्हणतात की ते तिथल्या माणसांनी ठरवायचं. २०२५ संपताना टपाल खात्याच्या जागी आलेल्या कंपनीनं घरोघरी पत्र टाकणं बंद केलं, ४०० वर्षांची सेवा होती, लाल पेट्या उचलून नेल्या. आणि इस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी प्रार्थनेचा सुट्टीचा दिवस असायचा, तो २०२४ पासून सरकारनं रद्द केला, सैन्यावर खर्च वाढवायला पैसा पाहिजे म्हणून, त्याच्याविरुद्ध कोपनहेगनात हजारोंचा मोर्चा निघाला होता. एक सुट्टी गेली म्हणून लोक अजून बोलतात.
आणि ५ जून चुकवू नका! १८४९ ची राज्यघटना त्या दिवसाची. बागेत, शेतकऱ्याच्या अंगणात, वाड्यापुढं छोट्या छोट्या सभा होतात, पुढारी येऊन साधं उभं राहून भाषण करतात, लोक गवतावर बसून कॉफी पितात, सगळे मिळून गाणी म्हणतात. २३ जूनला संध्याकाळी सांक्त हान्स, पाण्याकाठी मोठी होळी पेटवतात आणि तिथंबी भाषण असतं. शब्द नाही कळले तरी सभा कशी असते हे अण्णांना सांगायला नको.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांना वाचून दाखवलं. पहिला प्रश्न त्यांनी हा विचारला की एक माणूस एक मत तर मग चेअरमन कोण होतो आणि किती वर्षं राहतो! धारूरकर दादा, ते तुमच्या बाजूनं आहेत, म्हणाले गायीवर कर म्हणजे जरा जास्तच झालं, पण खाडीचं ऐकून गप्प बसले. शिवली गावचे ओढे त्यांनी वाहते बघितलेत, तेच बोलत बसले मग. आणखी एक विचारायचं राहिलं, दवाखान्याचं काय, तिथं फुकट असतं म्हणतात?

चाफा_ओडेन्से
फुकट आहे ते इथं राहणाऱ्याला, आरोग्याचं पिवळं कार्ड ज्याच्याकडं असतं त्याला. पाहुण्याला ते मिळत नाही, म्हणून व्हिसालाच ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो, तो नीट वाचून काढा, आधीपासूनचा बीपी-शुगर धरतात का ते विचारा. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या सोबत, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत. इमर्जन्सीला ११२. आणि चेअरमनचं उत्तर गोदातीर देतील, ते ऑर्हुसला एका घरांच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत.

गोदातीर
सोसायटीचं सांगतो, वर्षातून एकदा सगळ्यांची बैठक, हिशोब मांडायचा, हात वर करून नाहीतर चिठ्ठीनं निवड. डेअरीत शेतकरी आपले प्रतिनिधी निवडतात आणि प्रतिनिधी वरचं मंडळ. अण्णा आले की मला कळवा, मी रविवारी गाडी घेऊन वायलेला येतो, दोघं मिळून बिंडेबॅलेच्या वाटेनं जाऊ.