ससा, २४ पैकी २१ क्लोनमध्ये एकच व्ही जीन!! कंटॅमिनेशन की अजून काही? मदत हवी आहे

गोंधळलेला_जीव
मंडळी तातडीची मदत हवी आहे, परवा लॅब मीटिंग आहे आणि आत्ता जे हातात आहे ते दाखवलं तर सर सोलून काढतील. सशाच्या बी सेल्समधून (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) अँटीबॉडीचे क्लोन काढले, २४ सिक्वेन्स आले, त्यातले २१ एकाच व्ही जीनला (अँटीबॉडी बनवणाऱ्या जीनतुकड्यांतला एक) जाऊन चिकटतायत, उरलेले ३ धड इकडे ना तिकडे. लहानपणापासून हेच वाचलंय की व्ही, डी, जे असे तुकडे वेगवेगळे जुळतात आणि त्यातून लाखो अँटीबॉडी होतात, मग माझ्याकडेच एक व्ही कसा? सर म्हणाले पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) घाण केलास, बाहेरचा डीएनए मिसळला, परत कर. दोनदा केला. तेच. पाणी बदललं, टिप्स बदलल्या, बेंच पुसून पुसून हात सोलवटले. आता काय करू?

चौकस_चिमणी
अँटीबॉडीची हेवी चेन (मोठी साखळी) का लाइट (छोटी)? निगेटिव्ह कंट्रोलला (डीएनए न घातलेली नळी) बँड आला का? पेशी कुठल्या, रक्तातल्या की प्लीहेतल्या? ससा किती महिन्यांचा? प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) किती वापरले? यातलं एकही सांगितलं नाहीत, आम्ही काय पत्रिका मांडून सांगायचं?

उंदीरमामा
१००% कंटॅमिनेशन. उंदरात इतकी वर्षं काम केलं, असं एकदाही दिसलं नाही. हूडला यूव्ही लावा, पिपेट ब्लीचने पुसा, प्रायमरचे नवीन अॅलिकॉट काढा, जुनं सगळं फेका. माझं ऐका, यूव्ही.

गोंधळलेला_जीव
हेवी चेन, आणि कंट्रोल स्वच्छ आहे, ते मी लिहायला विसरलो. ससा मोठा आहे, रक्तातल्या पेशी. पुढचा प्रायमर एकच.

मऊ_कान
सशाची इम्युनिटी वाढवायची असेल तर सुकं गवत भरपूर द्या, पिंजरा कोरडा ठेवा आणि कृपया कान धरून उचलू नका. मिक्सोमॅटोसिसची लस दिली का?

चौकस_चिमणी
@मऊ_कान त्यांचा ससा आजारी नाहीये हो.

जुनाजाणता
ससा म्हणजे मोठा उंदीर नव्हे, इथेच गल्लत होतेय. माणूस, उंदीर हे खूपसे व्ही जीन आलटून पालटून वापरतात, तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं ते याच तुकडेजोडीच्या शोधासाठी. सशाकडेही व्ही जीन शंभराच्या वर आहेत पण तो हात घालतो तो डी तुकड्यांना सगळ्यात जवळच्या एकालाच, व्हीएच१ म्हणतात त्याला (व्हीएच म्हणजे हेवी चेनचा व्ही). साधारण ८० ते ९० टक्के बी सेल्समध्ये तोच असतो. म्हणजे तुमचे २१ अगदी पुस्तकी आले. १९९० मध्ये नाइट आणि बेकर यांनी अॅलिशिया नावाचे म्युटंट ससे तपासून हे दाखवलं, त्या सशांमध्ये नेमका व्हीएच१ उडालेला होता. अवांतर: इम्युनोग्लोब्युलिनचे (म्हणजे अँटीबॉडीचे) अॅलोटाइप, एकाच प्रजातीत प्राण्यागणिक असणारे फरक, पहिल्यांदा सापडले तेही सशातच, १९५६ मध्ये, झाक उदँ यांना.

उंदीरमामा
बरं एकच व्ही, मग ससा जगतो कसा? एका चावीने सगळी कुलुपं?

जुनाजाणता
चावी एकच, पण नंतर कानस मारतो ना. दोन प्रकारे. एक जीन कन्व्हर्जन, म्हणजे मागे रांगेत बसलेल्या व्ही जीन्समधला एखादा तुकडा उतरवून जुळलेल्या जीनमध्ये चिकटवायचा. दुसरं सोमॅटिक हायपरम्युटेशन, इथे तिथे एकेक अक्षर बदलणं. दोन्हीला एड (AID) हे एन्झाइम लागतं. कोंबडीही असंच करते, तिचा कारखाना बर्सा (शेपटीजवळचा अवयव), सशाचा आतड्याजवळचा, अपेंडिक्स वगैरे.

शंकासूर
कन्व्हर्जन कन्व्हर्जन करताय, पण पीसीआरमध्येच दोन टेम्प्लेट (मूळ धागे) एकमेकांत गुंतून चिमेरा, म्हणजे मिश्र धागे, होतात ते? सशाचे व्ही जीन सगळे एकाच फॅमिलीतले, एकमेकांसारखे, म्हणजे अर्धवट बनलेला धागा पुढच्या सायकलला भलत्यालाच चिकटणार. तुम्ही त्याला निसर्गाची किमया म्हणणार. शिवाय प्रायमर एक!

जुनाजाणता
प्रायमर एक चालतो, सशाच्या व्हीएच लीडरचा (जीनच्या सुरुवातीचा) भाग बऱ्यापैकी सारखाच असतो. चिमेराचा मुद्दा मात्र मान्य. सायकली कमी करा, एक्स्टेन्शनचा वेळ वाढवा, आणि त्याच सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेला डीएनए) वेगळा पीसीआर करून तोच क्लोन पुन्हा येतो का बघा. @गोंधळलेला_जीव, मूळ जीनशी जुळणी किती टक्के येतेय?

गोंधळलेला_जीव
७० च्या आसपास.

चौकस_चिमणी
७०??? डेटाबेस कुठला लावलाय?

गोंधळलेला_जीव
जो आधीपासून लॅबच्या कॉम्प्युटरवर सेट आहे तो. थांबा बघतो.
...
उंदराचा आहे.

चौकस_चिमणी
🤦 आयजीब्लास्टमध्ये (अँटीबॉडी जीन जुळवून बघायचं टूल) ऑर्गनिझम सरळ ससा निवडता येतो हो.

उंदीरमामा
उंदराच्या डेटाबेसमध्ये काही वाईट नाही.

गळू_नये_पाने
अपेंडिक्सचा विषय निघालाच आहे तर, माझं शाळेत असतानाच काढलं, म्हणजे माझ्या अँटीबॉडी कमी पडतात का? सर्दी सारखी होते.

जुनाजाणता
नाही. माणसाच्या बोन मॅरोत नवीन बी सेल्स आयुष्यभर बनत राहतात. सशात ते काम लहानपणीच ओसरत जातं, म्हणून पिल्लू काही आठवड्यांचं असताना आतड्यात ही कानस चालते, आणि तिला तिथले जंतू लागतात. २००४ च्या कामात बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस आणि बॅसिलस सबटिलिस अशी जोडी दिली तेव्हा पिल्लांच्या अपेंडिक्समध्ये हे सगळं सुरू झालं, एकेकट्याने तसं होत नव्हतं. सर्दीसाठी वेगळा धागा काढा.

गोंधळलेला_जीव
परत लावलं, सशाचा डेटाबेस. २४ पैकी २० आता व्हीएच१ ला जातायत, पण जुळणी ९० च्या पुढे. आणि सीडीआर३ (अँटीबॉडीचा सगळ्यात बदलता भाग) मी आधी बघितलेच नव्हते (शिव्या द्या), २० पैकी १९ वेगळे आहेत, लांबीसुद्धा वेगळी. कंटॅमिनेशन असतं तर शेपटीपर्यंत सगळे एकसारखे आले असते ना? क्लोन ७ मध्ये सीडीआर२ (तसाच दुसरा बदलता भाग) जवळ सलग नऊ अक्षरं बदललीत आणि मध्येच एक आख्खा कोडॉन (तीन अक्षरं) जास्तीचा घुसलाय, बाकी सिक्वेन्सला धक्का नाही. क्लोन १२ मध्ये उलट, नुसती एकेक अक्षरं सुटी सुटी बदललेली.

जुनाजाणता
७ वाला कन्व्हर्जनसारखा दिसतोय, आख्खा कोडॉन सुट्या म्युटेशनमधून सहसा येत नाही. तो घुसलेला तुकडा वरच्या कुठल्या व्हीशी जुळतो ते शोधा. १२ वाला हायपरम्युटेशन. उरलेल्या चौघांना लगेच कचरा म्हणू नका, दहा-वीस टक्के बी सेल्स व्हीएच१ सोडून दुसरे व्ही घेतातच.

शंकासूर
"दिसतोय" वर पेपर लिहू नका. त्याच सशाच्या कानाच्या टिश्यूतून डीएनए काढा, त्यातून त्याचे स्वतःचे मूळ व्ही सिक्वेन्स करा, मग तुलना. संदर्भ जीनोम दुसऱ्याच सशाचा आहे, तुमचा ससा त्याचा सख्खा भाऊ नाही. आणि तो दुसरा पीसीआर केलाच पाहिजे.

गोंधळलेला_जीव
कानाचं टिश्यू उद्या घेतो. मीटिंगमध्ये ७ आणि १२ शेजारी शेजारी लावून दाखवेन, चिमेराची शंका मीच आधी काढेन म्हणजे सरांना काढायला उरणार नाही. डेटाबेस उंदराचा होता हे सांगू की नको? सेटिंग सरांनीच करून ठेवलं होतं.

चौकस_चिमणी
सांगा, पण "सेटिंग बदललं" एवढंच म्हणा. कोणाचं होतं ते त्यांना आठवेल.

मऊ_कान
कान दुखणार नाही ना त्याचा?

उंदीरमामा
तरी हूडला यूव्ही लावाच.