दापोलीचे सासू-सासरे, साडेतीन वर्षांची लेक आणि भूमध्य समुद्र : कुठला किनारा?

सदाफुली
नमस्कार मंडळी. आम्ही श्टुटगार्टला असतो. मेअखेर पफिंग्स्टच्या (ख्रिस्ती सणाच्या) सुट्टीत एक आठवडा समुद्रावर काढायचा बेत आहे. सोबत मुलगा (९), मुलगी (साडेतीन) आणि दापोलीहून आलेले सासू-सासरे. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात. तुर्कस्तानातल्या अंताल्याजवळचं एक ऑल इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणं सगळं एकाच पैशात) रिसॉर्ट स्वस्तात मिळतंय, नवरा आज रात्री बुक करणार म्हणतोय. मयोर्का (स्पेनचं बेट) महाग पडतंय. अशी मिसळ घेऊन कुणी गेलंय का?

उंटावरचा
नवऱ्याला थांबवा! सासू-सासऱ्यांच्या व्हिसावर एन्ट्रीच्या रकान्यात ०१ आहे की मल्टिपल, ते आधी बघा. तुर्कस्तान शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. सिंगल एन्ट्री असेल तर तिकडे गेल्यावर त्याच व्हिसावर परत जर्मनीत येता येणार नाही. सायप्रसलाही हीच गोची. स्पेन, ग्रीस, इटली चालेल. क्रोएशियाही, तो २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे.

सदाफुली
बाप रे. आत्ता पासपोर्ट काढून पाहिले. दोघांचंही ०१च. नवरा गप्प झालाय. उंटावरचे, तुम्हाला आमच्याकडून पुरणपोळी लागू.

कंदीपेढा
मग मयोर्काच करा. आम्ही दोनदा गेलोय, दोन्ही वेळा उत्तरेला अल्कुदियाच्या उपसागरात. पाल्मा विमानतळापासून साधारण ६० किमी. तिथे हॉटेलचे तारे मोजत बसू नका, वाळू आणि उतार बघा. अल्कुदिया आणि त्याला लागूनचं प्लाया दे मुरो इथे पांढरी बारीक वाळू आहे आणि बरंच आत गेलं तरी पाणी मोठ्यांच्या कमरेला. साडेतीन वर्षांच्या पोरीला हेच हवं. बेटावरचे छोटे खडकाळ कोव्ह (चिमुकले उपसागर) फोटोत फार देखणे दिसतात, पण तिथे पायऱ्या उतरा, सामान उचला, सासऱ्यांना धरा... नको.

कुठेकुठे काठावर तपकिरी पानांचे ढीग दिसतील. आमच्या हिने पहिल्या दिवशी "किती घाण" म्हणून नाक मुरडलं. ती घाण नाही. ती पोसिडोनिया, समुद्रात वाढणारं गवत. तिच्यामुळे वाळू वाहून जात नाही.

एक विनोद. सकाळी सातला हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल पडलेले असतात, माणूस मात्र एक नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारे आपणच, असं उगाच वाटायचं मला.

नाखवा
मेअखेर पाणी गार असतं, १९-२० अंश. दापोलीच्या कोमट समुद्राची सवय असलेल्यांना हुडहुडी भरेल. हॉटेलचा तलाव गरम केलेला आहे का, ते मेल करून विचारा, नुसता फोटो बघू नका. आणि लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल नाही, पाणी कितीही शांत दिसो.

सदाफुली
आणि जेवणाचं? सासूबाईंची मला खरी धास्ती आहे.

कंदीपेढा
बुफेत भात, पास्ता, सॅलड, फळं मिळतात, पण साध्या फरसबीतही हॅमचे (डुकराच्या मांसाचे) तुकडे सापडतात. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन" (मांस नको, मासे नकोत, हॅम नको) पाठ करा. त्यात "सिन हामोन" वेगळं म्हणायचं, कारण काही ठिकाणी हॅमला मांसात धरतच नाहीत! तुंबेत मिळालं तर जरूर घ्या : वांगी, बटाटे, ढोबळी मिरची आणि वर टोमॅटोचा रस्सा. आणि एन्साइमादा हे वेटोळ्याचं गोड सासूबाईंना अजिबात देऊ नका. ते डुकराच्या चरबीत करतात, नावातला 'साइम' म्हणजे तीच. आम्हाला हे अर्धं खाऊन झाल्यावर कळलं.

माझं मत विचाराल तर ऑल इन्क्लुझिव्ह सोडा आणि छोटं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट-हॉटेल घ्या. सासूबाई खातील दोन फुलके, त्यांच्या नावाने बुफेचे पैसे कशाला? मूगडाळ, तांदूळ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी घेऊन जा. साधं दही दुकानात मिळतं. शिवाय पर्यटक कर हॉटेलातच वेगळा घेतात, १६ वर्षांखालच्यांना माफ.

मोगरा_म्युनिक
फिरायला मंगळवारी किंवा रविवारी जुन्या अल्कुदियाचा बाजार करा, तटबंदीच्या आतलं गाव सपाट आहे. सोय्येर गावाची लाकडी आगगाडी (१९१२ची) मुलांना आणि आजोबांना सारखीच आवडेल. द्राकच्या गुहा सुंदर आहेत, पण पायऱ्या फार, त्या गुडघ्यांनी नकोत.

जाता जाता : किनाऱ्यावर बायका वरचे कपडे न घालता पहुडलेल्या असतात. आमच्या बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, तरी ते तीन दिवस फक्त क्षितिजाकडेच बघत बसले. आई पंजाबी ड्रेसवर पाण्यात उतरली, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

नाखवा
आजोबा कोकणातले म्हणून सांगतो. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, सकाळ-संध्याकाळ पाणी त्याच रेषेवर. माझे वडील पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ओहोटीची वाट बघत बसले होते.

सदाफुली
सगळ्यांना मनापासून धन्यवाद! प्लाया दे मुरोला स्वयंपाकघरवाली जागा बुक केली, तलाव गरम असल्याचं लेखी उत्तर आलंय. सासऱ्यांना भरतीचं वाचून दाखवलं. म्हणाले, "असा कसा समुद्र? तो नाखवा काहीतरी सांगतोय." पंचांग बॅगेत भरलंय. त्या आठवड्यात पौर्णिमा येतेय म्हणे, उधाण बघायचंय.