नृत्याचा कार्यक्रम दोन नाटकांच्या फटीत कोंबायचा, की एक नाटक कमी करायचं? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरी घंटा

महाविद्यालयाच्या नाट्यविभागाचा वर्षाचा हंगाम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: तीन नाटकं, एक नृत्याचा कार्यक्रम आणि सगळ्यांना मिळून एकच रंगमंच. नाटकांच्या तारखा आधी पडतात. मग एका नाटकाचा शेवटचा प्रयोग रविवारी आणि नृत्याचा पहिला शुक्रवारी, अशी फट काढून दिली जाते. कारण पाठ झालेलं आहे: "नृत्याला नेपथ्य नसतं."

हिशेब मांडू. नऊ रचना, प्रत्येकी पाच ते सात मिनिटांच्या. रंगमंचावर जागा बसवून घ्यायला रचनेमागे ३० मिनिटं, म्हणजे साडेचार तास. प्रकाशाचे क्यू (कोणत्या क्षणी प्रकाश कसा बदलायचा ते) बांधायला रचनेमागे ४० मिनिटं, म्हणजे सहा तास. एक सलग तांत्रिक तालीम आणि एक रंगीत तालीम, पावणेदोन-पावणेदोन तासांच्या. बेरीज १४ तास. सोमवार नेपथ्य उतरवून नृत्याचं मॅट अंथरण्यात जातो, मंगळवार फोकसमध्ये, म्हणजे दिव्यांचे झोत जागेवर लावण्यात. उरले बुधवार-गुरुवार, संध्याकाळचे चार-चार तास. १४ तासांचं काम आठात बसवायचं तर कात्री लागते क्यूंना. मग नऊच्या नऊ रचना त्याच निळ्या प्रकाशात सुरू होतात आणि त्याच निळ्यात संपतात.

माझं मत: तीनातलं एक नाटक कमी करा आणि त्याचे दोन आठवडे नृत्याला द्या.

खिळे-हातोडा

साफ असहमत. एक नाटक गेलं की त्याच्याबरोबर एकाची नेपथ्यरचना, एकाची प्रकाशयोजना, एकाची वेशभूषा आणि एकाची रंगमंच व्यवस्थापनाची संधी जाते. तीन वर्षांच्या पदवीत नऊ नाटकं होतात, तिथे सहा होतील. पडद्यामागचं काम शिकायला आलेल्यांनी काय करायचं?

शिवाय हिशेब फुगवलेला आहे. जागा बसवण्याचं काम रंगमंचावर करायचंच कशाला? तालमीच्या खोलीत रंगमंच टेपने आखून घ्या: पुढची कड, मध्यरेषा, पाव-पाव भागांच्या खुणा आणि विंगांच्या तोंडाची रुंदीसुद्धा. विंगा सहसा कोणी आखत नाही, म्हणून प्रत्यक्षात आठ जण एका विंगेतून शिरताना एकमेकांवर आदळतात. शेवटचे तीन आठवडे त्या चौकटीत तालमी झाल्या की रंगमंचावर रचनेमागे १२ मिनिटं पुरतात. क्यू व्हिडिओवरून आधी लिहून कन्सोलमध्ये (दिवे चालवायच्या यंत्रात) भरून ठेवायचे. समोर बसून दुरुस्तीला २० मिनिटं. दोन सलग तालमी धरून सव्वाआठ तास होतात. वरच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी अख्खं नाटक बळी द्यायचं?

तिसरी घंटा

खोलीत आरसे असतात, हे विसरलात. आरशात बघून ओळी सरळ ठेवायची सवय लागलेला गट रंगमंचावर आला की समोर काळोख असतो आणि पहिल्या फेरीतच ओळ तिरकी होते. शेवटच्या दोन आठवड्यांत आरशावर पडदा हवाच. तोही ओढला असं धरलं, तरी दोन रचनांमध्ये माणसं आत-बाहेर व्हायची चार-पाच मिनिटं तुमच्या सव्वाआठ तासांत कुठे दिसत नाहीत.

आडवा प्रकाश

"नेपथ्य नसतं" हे वाक्य अर्धंच खरं आहे. नृत्याचं नेपथ्य विंगेत उभं असतं.

नाटकाचा प्रकाश मुळात चेहऱ्यासाठी असतो. अमेरिकी प्रकाशयोजनाकार मॅककँडलेसने १९३२ मध्ये मांडलेली पद्धत अजून शिकवली जाते: रंगमंचाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर समोरून, दोन बाजूंनी ४५ अंशांत दोन दिवे सोडायचे, एक उबदार, एक थंड. बोलणाऱ्याचे डोळे-ओठ दिसतात, काम झालं. हाच प्रकाश नर्तकावर टाका; शरीर पुठ्ठ्यातून कापल्यासारखं सपाट दिसतं. पाठीचा बाक, मांडीचा ताण, हाताचा पीळ दिसायला प्रकाश बाजूने यावा लागतो. अमेरिकी नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहमच्या रचनांसाठी प्रकाशयोजनाकार जीन रोझेन्थालने नेमकं यावरच काम केलं.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. बाजूला चार विंगा असतील तर दोन्हीकडे मिळून आठ उभे खांब, म्हणजे बूम. प्रत्येकावर निदान तीन दिवे: नडगीच्या उंचीला, कमरेच्या वर आणि डोक्याच्या वर. नडगीच्या दिव्याचा झोत खालून शटरने असा कापायचा की जमिनीवर पडत नाही. पाय उजळतात, जमीन काळी राहते आणि माणूस तरंगतोय असं वाटतं. एकूण २४ दिवे, तेवढ्याच केबल. खांब विंगेच्या पडद्याच्या आडोशाला, ये-जा करायला किमान एक मीटर वाट मोकळी, तळाला वजन, वरचं टोक वरच्या आडव्या बारला बांधलेलं. खालच्या दिव्याच्या कडांना अंधारात चमकणारी टेप नसेल तर धावत आत येणाऱ्याची नडगी त्यावर फुटणार, यात शंका नको.

आता सांगा, मागच्या नाटकाचा दिवाणखाना त्याच विंगांमध्ये ढकलून ठेवलेला असताना हे उभं कुठे करायचं?

पार चौसष्ट

हे सगळं दर वेळी नव्याने टांगता, म्हणून वेळ जातो. हंगामाच्या सुरुवातीला एक सामायिक आराखडा टांगा आणि वर्षभर हलवू नका. समोरून उबदार आणि थंड वॉश (सगळ्या रंगमंचावर पसरणारा प्रकाश), वरून तीन रंगांचा वॉश, मागून एक, बाजूला खांब. त्यावर प्रत्येक प्रयोगाला स्वतःचे आठ-दहा खास दिवे. वरचे दिवे एलईडी असले तर रंगाचे कागद बदलायला शिडीवर चढायचंही कारण नाही. मग नृत्याच्या आठवड्यात फोकसला अख्खा मंगळवार लागत नाही, दोन-तीन तासांत आटोपतं.

अट एकच, पण जाचक: प्रत्येक नेपथ्यकाराला आराखडा आधी द्यायचा आणि खांबांची जागा त्याने मोकळी सोडायची.

खिळे-हातोडा

म्हणजे प्रकाश वर्षभर एकसारखा आणि नेपथ्यकाराने त्यात बसेल तेवढंच करायचं. तीन भिंतींचा बंद दिवाणखाना लागला तर बाजूच्या भिंती तुमच्या खांबांच्या वाटेतच येतात. तिथे आडव्या प्रकाशाचा उपयोग शून्य आणि खांब नुसते अडचण.

पार चौसष्ट

त्या नाटकापुरते खांब उचलून मागे ठेवा. केबलला खांबाचा क्रमांक चिकटवलेला असला आणि उंचीच्या खुणा खांबावरच रंगवलेल्या असल्या की परत उभे करायला चार जणांना तास-दीड तास. फोकस थोडा हलतो, तो प्रत्येक खांबावरून एकदा बघून घ्यायचा.

अनवाणी

प्रकाशावर एवढी चर्चा आणि जमिनीवर कोणी बोललंच नाही. दिवा चुकला तर रचना वाईट दिसते. जमीन चुकली तर पाय जातो.

नाटकाने रंगमंचात स्क्रू मारलेले असतात. काढल्यावर भोकं राहतात, भोकाच्या कडेला कुसळं. स्टेपलच्या पिना फटीत बसतात. झाडूने त्या निघत नाहीत. चुंबकाची पट्टी दोन वेळा फिरवायची, आधी उभी, मग आडवी, आणि शेवटी मोजे घालून कोणी तरी पाय घासत सगळा रंगमंच चालायचा. मोजा अडकला की तिथे काही तरी आहे.

मग व्हिनाइलचं मॅट, ज्याला सगळे मार्ली म्हणतात (मुळात एका कंपनीचं नाव, आता अशा सगळ्याच मॅटचं नाव झालंय). १२ मीटर रुंद आणि ९ मीटर खोल रंगमंचाला दोन मीटर रुंदीच्या पाच गुंडाळ्या लागतात. अंथरल्या अंथरल्या टेप मारायची नाही. गुंडाळीत बसलेला बाक जायला रात्रभर सोडून द्यायचं, शिवाय दिव्यांच्या उष्णतेने ते थोडं पसरतं. सांध्यात दोन मिलिमीटर फट न ठेवता घट्ट चिकटवलं तर दुसऱ्या दिवशी फुगवटा येतो आणि गिरकीत अंगठा त्यातच अडकतो. आणि जमीन नाटकासाठी नुकतीच रंगवलेली असेल तर आणखी घोळ: रंग हाताला कोरडा लागतो, पण पुरता मुरलेला नसतो, टेप निघताना पापुद्रे घेऊन येते.

सगळ्यात मोठी गोष्ट खाली काय आहे ही. काँक्रीटवर थेट मॅट टाकून उड्या मारायला लावणं म्हणजे नडग्या आणि गुडघे दुखवून घेणं. मॅट घसरण सांभाळतं, धक्का शोषत नाही. त्यासाठी खाली लवचिक लाकडी जमीनच लागते.

कथकसारख्या पदन्यासाच्या नृत्याला तर मॅट उलट नडतं, तळव्याचा आवाज मरतो. तिथे उघडं, तासून गुळगुळीत केलेलं लाकूड हवं. एकाच संध्याकाळी समकालीन रचना आणि कथक दोन्ही असतील तर मध्यंतरात मॅट उचलायचा बेत करू नका. कथकच्या रचना मॅटवरच ठेवून पुढच्या कडेला जमिनीलगतचे दोन-तीन बाउंड्री मायक्रोफोन लावणं बरं. तडजोड आहे, पण निभते.

खिळे-हातोडा

जमिनीचा मुद्दा मान्य, बिनशर्त. यावर उपाय नाटकवाल्यांच्याच हातात आहे: रंगमंच रंगवायचा नाही, त्यावर हार्डबोर्डचे पत्रे टाकून ते रंगवायचे आणि प्रयोग संपले की उचलायचे. लेव्हल (उंचीचे चौथरे) जमिनीला न ठोकता एकमेकींना बोल्ट करून वजनाने बसवायच्या. उंच भिंतींना मागून तिरका टेकू आणि त्यावर वजनं. दरवाजा आपटायचा प्रसंग असेल तर मात्र वजन पुरत नाही, भिंत हलते आणि प्रेक्षक हसतात. तिथे दोन स्क्रू माफ करा.

अनवाणी

दोन चालतील. कुठे मारले त्याची खूण नकाशावर हवी.

हेडसेट

क्यू देणाऱ्याच्या बाजूने एक. नाटकात क्यू संहितेच्या ओळीवर लिहिलेला असतो. नृत्यात ओळच नाही. नाटकावर तयार झालेला रंगमंच व्यवस्थापक इथे पहिल्या दिवशी हरवतो, कारण "आठव्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेला" असं त्याला सांगितलं जातं आणि तो मोजायला बसला की बघायचं राहून जातं. वहीत तीन रकाने करायचे: संगीताची मिनिट-सेकंद वेळ, डोळ्याला दिसणारी खूण ("डावीकडची दोघं खाली बसतात"), क्यूचा क्रमांक. स्टँडबाय (तयार राहायचा इशारा) किती आधी द्यायचा तेही लिहून ठेवायचं. साथ प्रत्यक्ष वाजत असेल तर पहिला रकाना कुचकामी, लय रोज थोडी सरकते. ही वही बनायला व्यवस्थापक शेवटच्या दोन आठवड्यांच्या तालमींना बसलेला लागतो. फटीतल्या वेळापत्रकात तो तेव्हा मागच्या नाटकाचे प्रयोग चालवत असतो. खरी अडचण तासांपेक्षा इथे जास्त आहे. माणूस वेगळा नेमा, निम्मं भांडण मिटेल.

कपडेपट

रचनांचा क्रम कलात्मक बैठकीत ठरवू नका, आधी तक्ता करा: उभ्या बाजूला नर्तक, आडव्या बाजूला रचना, जो जिथे नाचतो तिथे खूण. लागोपाठ दोन खुणा आल्या की तो माणूस अडकला. मध्ये एक रचना सुटली तरच घामट अंगाने दुसरा पोशाख चढतो. घेरदार कपडे पहिल्यांदा रंगीत तालमीला देणं हा गुन्हा समजावा.

मागची रांग

मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. नृत्य नाट्यविभागाच्या हंगामात असावंच का? वेगळा विभाग, वेगळी जागा, वेगळ्या तारखा. हा वादच संपतो.

तिसरी घंटा

वेगळं काढलं की काय होतं ते इतिहासात दिसतं. अमेरिकेत नाट्यशिक्षणाची पदवी १९१४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी टेक या संस्थेत सुरू झाली. नृत्याची १९२६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात, तिथल्या शिक्षिका मार्गारेट एच'डबलरमुळे, आणि तीही स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण विभागात. म्हणजे नृत्याला व्यायामशाळा मिळाली, रंगमंच नाही. वेगळ्या विभागाला वेगळा रंगमंच मिळेल असं धरून चालू नका. दुसरं, सहा पात्रांच्या नाटकात चाळीस विद्यार्थ्यांपैकी सहाच जण उभे राहतात. नऊ रचनांत तीस सहज राहतात.

मागची रांग

तीस जण उभे राहतात हे खरं, पण त्यातले वीस पाच मिनिटांसाठी. त्याला भूमिका म्हणायचं का, हा आणखी एक धागा होईल.

अनवाणी

एक वेगळी मांडणी. नाटक काढू नका, क्रम बदला. नृत्य हंगामात सगळ्यात पहिलं ठेवा. जमीन नुकती तासलेली, खिळा नाही, विंगा रिकाम्या, पार चौसष्ट यांचा सामायिक आराखडा मोकळ्या रंगमंचावर एकदाच नीट फोकस होतो. पहिल्या नाटकाच्या सुतारकामालाही तीन-चार आठवडे जास्त मिळतात.

तिसरी घंटा

आणि रचना बसणार कधी? १५ आठवड्यांच्या सत्रात नव्या रचनेला आठ तरी लागतात.

अनवाणी

आधीच्या सत्रात बसवायच्या, व्हिडिओ करून ठेवायचा, नव्या सत्रात तीन आठवडे घासायच्या. शेवटच्या वर्षाचे जातात, त्या जागी कोण येणार हे सत्र संपायच्या आधीच ठरवून त्याला मागे उभं करून शिकवायचं.

खिळे-हातोडा

हा क्रम मला चालेल. फक्त त्याच्या पाठोपाठ संगीतप्रधान नाटक नको. तेच दहा-बारा नर्तक दोन्हीकडे निवडले जातात आणि एकाच संध्याकाळी दोन तालमींना हजर राहायची वेळ येते. मध्ये छोट्या पात्रसंख्येचं गद्य नाटक घाला आणि दोन्हींच्या निवडचाचण्या एकाच आठवड्यात घ्या, म्हणजे कोण कुठे ते एकदाच कळतं.

तिसरी घंटा

क्रम मान्य. नाटकांच्या संख्येवर मी अजून दोनवरच आहे. पहिल्या नाटकाला मिळालेले ते तीन आठवडे सुतारशाळेला मिळतात. दिवे आणि आवाज चालवणारी तीच सात-आठ माणसं मात्र नृत्य संपलं की दुसऱ्या दिवशी पुढच्या नाटकाच्या तालमीला बसलेली असतात.

हेडसेट

त्यांचाही तक्ता करा. कपडेपट यांनी वर सांगितलाय तसाच: उभी माणसं, आडवे प्रयोग, लागोपाठ दोन खुणा नकोत.